चक्कर मारा म्हणे

मंगळवारी सकाळी सातला निघाले. थर्माकोलच्या चप्पूवर मांडी घालून, साडी वर खोचून, अंतराचं, म्हणजे पाळणा लांबवायच्या तीन महिन्यांच्या सुईचं, कार्ड दुधाच्या रिकाम्या पिशवीत गाठ मारून पोलक्यात. जायकवाडी धरणाच्या पाण्यातून पलीकडच्या काठाला उतरले, चिखल तुडवत डांबरीला लागले, काळीपिवळी भरेस्तोवर पाऊण तास चिंचेखाली बसले. वाटेत उपकेंद्र लागतं, तिथं कुलूप. त्या कुलपाशी आता माझी सोयरीक झालीय, यंदा नवरात्रात घट तिथंच बसवावा म्हणते. मग पुढं मोठ्या दवाखान्यात. पोचले तेव्हा अकरा वाजत आले होते.

खिडकीशी रांग. पुढं बीपीच्या गोळ्यांचे म्हातारे, मागं आमच्याच गावचे दोघं, त्यातला एक सासऱ्यांच्या रोजच्या बैठकीतला. सिस्टर फोनवर. फोन कान आणि खांद्यात दाबून मला म्हणल्या, "काय होतंय?"

मी हळूच म्हणलं, "इंजेक्शन."

"कसलं? कुत्र्याचं?"

"नाही. अंतरा."

"अं? मोठ्यानं बोला, पंखा चालू आहे."

"अंतरा."

"अंतराचं होय!" फोनवर जो कोण होता त्यालाही कळलं असणार. "पाळणा लांबवायचं. किती लेकरं?"

"दोन."

"मुलगा आहे ना?"

"दोघी मुली."

आता फोन ठेवला. चला, माझ्या मुलींमुळं निदान फोन तरी खाली गेला. "मग एवढ्यात कशाला इंजेक्शनं घेता? एक चान्स बघा की. मिस्टर सोबत नाहीत का? त्यांना माहीत तरी आहे का?"

मिस्टर वाळूजला कंपनीत फर्स्ट शिफ्टला आहेत. सुई मला टोचायचीय, त्यांना नाही. आणि नवऱ्याची सही कुठल्या नियमात लागते तो कागद मला कुणी दाखवला तर मी देव्हाऱ्यात लावीन. अहो, १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यातसुद्धा सज्ञान बाईची तिची स्वतःची संमती पुरते. इथं तीन महिन्यांच्या सुईला मिस्टर हजर पाहिजेत.

मी काही बोलले नाही तर त्यांनीच पुढं चालवलं. "आणि नकोच असेल तर ऑपरेशन करून मोकळ्या व्हा ना, थंडीत कॅम्प आहे." आत्ता एक चान्स बघा म्हणत होत्या, ताटातला घास गिळायच्या आत कॅम्प. मला ऑपरेशन नकोय. का नकोय ते माझं मी बघीन, रांगेत सांगणार नाही.

मग रजिस्टर उघडलं. नाव, वय, आधार, मोबाइल, शेवटची पाळी कधी, धाकटी किती वर्षांची. "कार्ड?" भर रांगेत पाठ फिरवून मी पिशवी काढली, गाठ ओली होऊन घट्ट बसलेली, ती दातानं सोडली. कार्ड कडेनं भिजलं होतं. निळ्या शाईच्या तारखा पसरून एकमेकींत घुसल्या होत्या. सिस्टरनी ते दोन बोटांत धरून, मेलेली पाल उचलावी तसं, खिडकीच्या उजेडाला धरलं. शोधून शोधून तारीख वाचली, उतरवून घेतली, माझी सही घेतली. आणि मग, एवढं सगळं झाल्यावर बरं का, रजिस्टर मिटत म्हणल्या:

"स्टॉक नाही."

अगं माय. हे पहिल्या मिनिटाला सांगायला काय जात होतं? स्टॉक नव्हता तर मुलगा आहे का हे कशाला विचारलं? मुलगा असता तर कपाटातून एक सुई निघणार होती का? माझी पाळी, माझ्या पोरी, माझा नवरा, सगळं रांगेला वाटून झालं आणि शेवटी प्रसादाचं ताट रिकामं.

"मग छाया तरी द्या." छायाच्या गोळ्या मला जमत नाहीत, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, ते वार माझ्या लक्षात राहत नाहीत. पण रिकाम्या हातानं पाणी कसं ओलांडायचं?

"छाया पण संपली. हे न्या." निरोधची पाकिटं. "मिस्टरांना सांगा." काय सांगू? तेही इथूनच ओरडून सांगा ना, वाळूजपर्यंत ऐकू जाईल.

"सुई कधी येईल?"

"पंधरा दिवसांनी एक चक्कर मारा."

चक्कर! संध्याकाळी जेवण झाल्यावर मारतात ती चक्कर. गाडीला किक मारून चौकातून पान खाऊन येतात ती चक्कर. एकदा पाण्यात उतरून बघा म्हणावं. थर्माकोलचा तुकडा, त्यावर फळी, मधोमध हललात की आत पाणी, वारा सुटला की चप्पूवाला मामा "वैनी, नावाडीण व्हा" म्हणून दुसरी काठी माझ्या हातात देतो. जायचे वीस, यायचे वीस, काळीपिवळीचे वेगळे, आणि मशीनवर पडलेले चार ब्लाउज, ज्यांचं लग्न गुरुवारी आहे. याला चक्कर म्हणतात होय?

आणि पंधरा दिवस? सुईची तारीख टळली तर पुढं २८ दिवसांपर्यंत चालते, हे याच दवाखान्यात मला सांगितलेलं. माझी तारीख पडली तेव्हाच नाशिकनं वरून पाणी सोडलं, वाराही असा की मामानं चप्पू झाडाला बांधून ठेवला. (उन्हाळ्यात आम्ही त्याच पाण्यासाठी कोर्टात भांडतो, तेव्हा येत नाही. नको तेव्हा येतं.) मंगळवारी माझा बाविसावा दिवस होता. त्यात पंधरा मिळवा. सदतीस. म्हणजे मग आधी लघवी तपासा, मग डॉक्टर, मग सगळं पहिलीपासून. आणि तपासणीत भलतंच निघालं तर "ताई, तुम्ही वेळेवर आला नाहीत."

जायकवाडी भरलं की संभाजीनगरात पेढे वाटतात. २७ दरवाजे किती फुटांनी उघडले ते टीव्हीवर क्रिकेटच्या स्कोअरसारखं सांगतात. त्या पाण्याचा फुगवटा आमच्या तिन्ही बाजूंनी येतो आणि चौथ्या बाजूला ओढा आहे. सप्टेंबरपासून आमचं बेट. धरण उशाला नि कोरड घशाला म्हणतात, आमच्याकडं धरण गळ्याशी आलंय. पण कुणाला सांगितलं तर हसतात. मराठवाड्यात बेट? तुमच्याकडं तर टँकर येतात ना? येतात. एप्रिलात येतात. वर्षातून दोन वेळा दोन वेगळ्या कारणांनी मरायची सोय आहे आमच्याकडं.

कागदावर आम्ही मैदानी भाग. मैदानी भागात पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र, डोंगराळ आणि दुर्गम असेल तर तीन हजारांमागं. आम्ही डोंगरावर नाही, आमच्याकडं जंगल नाही, म्हणून आम्ही दुर्गम नाही. नंदुरबारला नर्मदेच्या फुगवट्यात तरंगता दवाखाना फिरतो. तिकडं आसामात ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर २००५ पासून बोटीचा दवाखाना जातो, गर्भारणी तपासतो, पाळणा लांबवायची साधनंही देतो. आमच्याकडं मामा आहे आणि थर्माकोल आहे. जायकवाडीच्याच काठच्या भिवधनोऱ्याची पोरं असंच थर्माकोलवर बसून शाळेला जातात म्हणून हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, बरंच झालं. पण अंतराच्या सुईसाठी बाई थर्माकोलवर बसली तर त्याचा फोटो कोण छापणार?

आणि गंमत ऐका. याच नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या पाण्यात, लहानमोठी बेटं आहेत, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. विणीच्या हंगामात पाखरांना त्रास द्यायचा नाही. पाखरांच्या विणीची सरकारला काळजी आणि माझ्या न विण्याला एक सुई मिळेना.

दोन वर्षांमागं जावेला रात्री कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन केला, आलीही वेळेत, खोटं का बोला. आली ती समोरच्या काठाला. आम्ही इकडं अंगणात उभं, पलीकडं तो दिवा गरगरा फिरतोय, पाण्यात त्याची लांबलचक लाल रेघ. मोबाइलच्या उजेडात तिला चप्पूवर आडवी घातली, मामा पाण्यात उतरून ढकलत नेला. बाळबाळंतीण सुखरूप. पोराचं नाव सागर ठेवलं. काय बोलणार.

बाईच्या पोटाशी आलं की सगळ्यांना घाईच असते किंवा सगळेच गायब असतात. मेडिकलवाला पॅडचं पाकीट पेपरात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून, इकडंतिकडं बघत देतो, गावठी दारू विकल्यासारखा. माझी मावसबहीण बीडची, ऊसतोडीला जाते. पांढरं जातंय म्हणून खाजगी डॉक्टरकडं गेली तर त्यानं गर्भपिशवीच काढून टाकली, वय वर्षं एकोणतीस. २०१९ मध्ये सरकारी समितीनं तिच्या जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तर १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथं कसा स्टॉक संपत नाही? आणि पुरुषांचं बिनटाक्याचं ऑपरेशन, दहा-पंधरा मिनिटांचं काम, तो विषय मी घरात एकदाच काढला. सासूबाई पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आल्या. "कामाचा माणूस आहे तो." बरं. मी काय शोभेची आहे? दीड हजार खात्यावर येतात, लाडकी आहे मी.

तर मंगळवारी हे सगळं डोक्यात उकळत असताना मी काय केलं? शहाण्या बाईनं खाजगी बोलणं बाजूला घेऊन केलं असतं. मी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिले आणि पदर खोचून अख्ख्या आवाराला ऐकवलं की माझ्या सुईला अठ्ठावीस दिवसांची सूट असते, आज बाविसावा आहे, बावीस आणि पंधरा किती होतात ते कुणीतरी सिस्टरना सांगा! पंखा चालू होता तरी ऐकू गेलं. सिस्टर हळू बोलल्या नाहीत म्हणून माझा संताप, आणि माझा आवाज असा की आई म्हणायची, ही कानात बोलली तरी मारुतीच्या पारावर कळतं. एक बीपीवाले आजोबा तेवढे म्हणले, "पोरीचा हिशेब बरोबर आहे."

परत चप्पूवर बसले तर मामा म्हणला, "मिळालं नाही म्हणं." माझ्या आधी बातमी पाण्यापलीकडं पोचली होती. किराणावाल्यानं साखर बांधताना विचारलं, सासऱ्यांच्या बैठकीत म्हणे मोजून झालं, सदतीसच होतात. रात्री नवरा आला तो हसतच आला. त्याला वाळूजला कळलं होतं. पाकिटं मी त्याच्या डब्याच्या पिशवीत टाकली, बघू सापडतात का.

आणि नऊला आशाताईचा फोन. तिच्यावर काय चिडू, तिचेच पैसे रखडलेत, तीही याच पाण्यातून पोरींची लस आणते. म्हणली, "वैनी, ऑनलाइन भरायचंय. तुझं इंजेक्शन पेंडिंग दाखवतंय. कारण काय टाकू?"

"स्टॉक नाही टाक."

"ते येत नाही गं यात. लाभार्थी आजारी, लाभार्थी गावाला गेली, लाभार्थीचा नकार, एवढंच आहे. नकार टाकू?"

"नकार टाकलास तर बघ."

"मग गावाला गेली टाकते."

म्हणलं टाक. चक्कर मारायला गेलीय म्हणून टाक.