भावा, लाईट चालू हाय!

कोल्हापुरात भर दुपारी दुचाकी चालवायची म्हणजे मान डोलवायची तयारी पाहिजे. दाभोळकर कॉर्नरला समोरचा पाचही बोटं मिटून-उघडून दाखवतो. बिंदू चौकात एकजण खास रेस देऊन शेजारी येतो, "भावा, लाईट चालू हाय!" मिरजकर तिकटीला रिक्षातल्या मावशी बाहेर डोकावतात, "ओ दादा, लाईट लागलीया!" समजावून सांगायला जावं तर सिग्नल सुटतो, मावशी सोडत नाहीत.

सांगायचं एवढंच असतं, की १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीला दिवा बंद करायचं बटणच येत नाही. इंजिन सुरू की दिवा सुरू. तो आपल्याला दिसावं म्हणून नाही, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून. स्वीडनमध्ये १९७७ पासून सगळ्याच गाड्या दिवसा दिवे लावून फिरतात. आपल्या मावशी तिथं गेल्या तर संध्याकाळपर्यंत खांदा धरायचा.

"पण बॅटरी उतरती की!" अहो, ३५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर जेमतेम तीन अँपिअर खातो, आणि इंजिन चालू असताना तो भार मॅग्नेटो, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, उचलतो. तरी वायर कापून चोरबटण बसवून घेणारे आहेतच. तो जोड पावसाळ्यात गंजतो आणि दगा देतो नेमका रात्री. बल्ब सारखे उडत असतील तर बल्बाला शिव्या घालू नका, बॅटरीवर मीटर लावा. रेस दिल्यावर काटा साडेचौदा व्होल्टच्या आसपास थांबायला हवा. पंधराच्या वर गेला की व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बघा. नव्या हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल तापतं आणि बल्ब लवकर जातो. मिसळ खाऊन आलेल्या हातानं तर नाहीच नाही.

चारचाकीवाल्यांचा थाट वेगळा. पुढं डीआरएलची, म्हणजे दिवसा आपोआप लागणाऱ्या दिव्यांची, पट्टी झळकते, त्या भरवशावर हे गगनबावड्याच्या धुक्यात शिरतात. बऱ्याच गाड्यांत डीआरएलबरोबर मागचा दिवा लागतच नाही. पुढं वरात, मागं अंधार. स्टिअरिंगजवळची दांडी फिरवून लो बीम लावा, म्हणजे मागचाही लागतो. हाय बीम नको, धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. चारी इंडिकेटर लावून सरळ जाणाऱ्यांना तर मी हात जोडतो. वळणार कुठं, हे त्यांच्या कुलदैवतालाच ठाऊक.

हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर भेटतो. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, टेप मात्र दोन गावं ऐकतील असा. अंतर ठेवा, ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाची टोकं ट्रॉलीच्या आधी काचेवर येतात.