आम्हाला चित्र नकोय, मोजमाप हवंय!

पुन्हा तेच! रेणूंची त्रिमितीय चित्रं दाखवणाऱ्या या सॉफ्टवेअरमध्ये हिमोग्लोबिनचा पृष्ठभाग पडद्यावर सुरेख दिसतो, १.४ अँगस्ट्रॉम (म्हणजे ०.१४ नॅनोमीटर) त्रिज्येचा पाण्याचा गोळा अणूंवरून फिरवून काढलेला. स्क्रिप्टने त्याची ओबीजे फाइल (आकार त्रिकोणांच्या जाळीत साठवणारी) काढावी, तर त्रिकोणांचे शिरोबिंदू अणूंपासून भलतीकडेच! कारण बाहेर पडतात ते कॅमेऱ्याच्या चौकटीतले आकडे, अणूंच्या जागा नोंदवणाऱ्या मूळ पीडीबी फाइलच्या अक्षांतले नव्हेत. माऊसने रेणू जरा वळवला की सगळे अंक बदलले. हीममधलं, म्हणजे हिमोग्लोबिनच्या लोह धरणाऱ्या भागातलं, लोह पृष्ठभागापासून किती आत आहे, एवढंच मोजायचंय मला; त्यासाठी दर वेळी दृश्याचं मॅट्रिक्स (रेणू कसा वळवला-सरकवला ते सांगणारा आकड्यांचा तक्ता) उलटं करून गुणत बसायचं. वर कुठला त्रिकोण कोणत्या अणूचा, हे फाइलीत नाहीच. तेही जवळचा अणू शोधून आपणच जुळवा. अहो, मूळ अक्षांतले एक्स, वाय, झेड सरळ द्या ना!