वाड्याला शोभेल असं स्वयंपाकघर

दर्यापूरकडच्या आमच्या वाड्याचं स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं आणि पुण्यात इंटिरियरचा कोर्स केलेला भाचा शेडकार्ड घेऊन हजर झाला. वाडा जुना, तर किचनही 'अर्थ टोन'मध्येच, म्हणजे मातकट रंगातच पाहिजे म्हणे. मायनं चष्मा लावून एकेक पट्टी पाहिली. "हा गोठ्याचा. हा उतू गेलेल्या चहाचा. अन् हा तं पोट बिघडल्याचा." नेमका तोच भाच्यानं पसंत करून ठेवला होता. त्यानंतर कुणालाच त्या रंगाकडं सरळ बघवेना.

"सिमेंट मारून देतो भाऊ, वरून कोणताबी कलर हाणा," मिस्त्री म्हणाला. भाचा हबकला. मातीच्या भिंतीवर सिमेंट मारलं की आतली ओल आतच कोंडते आणि प्लास्टर पापुद्रे धरून सुटतं. एवढं मात्र पोरगं बरोबर शिकून आलं होतं. शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा याच दोनफुटी भिंती आम्हाला जगवतात.

मग मातीचा गिलावा ठरला. आमचा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारट. बोअरच्या पाण्यात माती कालवली की भिंतीला लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, फुटलाच. म्हणून शहानूर धरणाचं नळाचं गोडं पाणी पिंपात भरून ठेवायचं. माणसांनी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायची, भिंतीनं पोटभर प्यायचं.

शेतातली काळी माती चालत नाही, वाळली की भेगाळते. गिलाव्याला पांढरी लागते, गावठाणातल्या पडक्या घराची. तीत गव्हाचा भुसा घालून कुजत ठेवली, तर अंगणात असा वास सुटला की पोस्टमन पत्रं फाटकालाच अडकवून जाऊ लागला. राहिलं शेण. गावात बैल गेले, ट्रॅक्टर आले. सिमेंटची गोणी एका फोनवर दारात येऊन पडते. शेणाच्या पाटीसाठी मात्र, ज्याला ग्रामपंचायतीत पाडायला मी घरोघर फिरलो होतो, त्याच्याच गोठ्यात हात जोडून उभं राहावं लागलं. त्यानंही आधी चहा पाजला, मग निकालाची आठवण काढली, मग पाटी दिली.

इकडं मिस्त्रीच्या पोरानं चुलीच्या धुरानं काळी पडलेली सागवानी कडी घासायला घेतली. भाचा ओरडत शिडीवर चढला, "नको! तो चारकोल फिनिश आहे!"

माय खालून म्हणाली, "दर दिवाळीले मी चारकोलच खरवडत होती काय रे?"

सौ.नं या सगळ्यात मिक्सरचा प्लग आणि खिडकीतला पंखा तेवढा मंजूर करून घेतला.

भिंती पोतारून झाल्या, खाली गेरूचा पट्टा ओढला. बायका बघायला आल्या. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेतलं. "काऊन भाऊ, यंदा कापसानं मारलं काय?" आणि संध्याकाळी त्यांच्याकडच्या उरलेल्या टाइल्स आल्या. पांढऱ्याशुभ्र, वर द्राक्षांचे घड. तर्रीचे शिंतोडे पुसायला बरं म्हणून सौ.नं त्या लगेच गॅसमागं बसवून घेतल्या.

भाच्याचा व्हिडिओ कॉल आला की आम्ही मोबाईल त्या बाजूला फिरवत नाही.