कुठलं मुरूड?

कर्वे रस्त्यावर उभं राहून मी सांगतो, "आमचं गाव मुरूड." समोरचा लगेच म्हणतो, "वा! जंजिरा!" अहो, तुम्ही ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर उभे आहात ते अण्णासाहेब कर्वे आमच्या मुरूडचे, दापोली तालुक्यातले. गावासाठी पैसे जमवायला त्यांनी 'मुरूड फंड' काढला. मग पुण्यात येऊन हिंगण्याचा आश्रम, १९१६ साली महिला विद्यापीठ, १९५८ साली भारतरत्न. एवढं करूनही गावाचा पत्ता पुणेकरांच्या गळी उतरला नाही तो नाहीच.

आईला पाठवलेला बाकरवडीचा खोका एकदा लातूर जिल्ह्यातल्या मुरूडला गेला. तेही मुरूडच, फक्त समुद्र तेवढा नाही.

गेल्या मे महिन्यात शेजारचे काका सहकुटुंब आमच्या गावच्या घरी राहायला निघाले. दुपारी फोन आला.

"पोचलो! समुद्र समोर आहे."

खात्री असावी म्हणून विचारलं, "पाण्यात किल्ला दिसतोय ना?" आमच्याकडून हर्णैचा सुवर्णदुर्ग दिसतो.

"दिसतोय की, चांगला ऐसपैस!"

"मग दुर्गादेवीचं देऊळ विचारा. तिथून घर जवळच."

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "अहो, इथे सगळे कोटेश्वरीचं देऊळ दाखवताहेत."

माझ्या पोटात गोळा आला. काका बघत होते तो पद्मदुर्ग, रायगड जिल्ह्यातला. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधलेला. साडेतीनशे वर्षांनी शह बसला मला.

"काही नाही काका, किनाऱ्याकिनाऱ्याने खाली या," मी शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणालो. आगरदांड्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीने, दिघी, मग श्रीवर्धन, बागमांडल्याला पुन्हा जंगलजेटी, पलीकडे वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, की आलंच. काकूंना बोट लागते, ही माहिती मला दुसऱ्या जंगलजेटीवरून फोनवर मिळाली.

रात्री उशिरा आईचा फोन. "आले रे बाबा पाहुणे. पिठलं-भात टाकलाय. त्या बाई मात्र नुसतं सोलकढीवर आहेत."

चार दिवस मुक्काम झाला. तिसऱ्या दिवशी आईने पडवीतल्या सुपाऱ्यांच्या ढिगापुढे काकांनाही बसवलं. आमच्याकडे पाहुणा दोन दिवसच पाहुणा असतो. राहण्याजेवण्याचा अर्थातच एक पैसाही घेतला नाही. उलट निघताना नारळ दिले.

परतल्यावर जिन्यात भेटले. मी विचारलं, "कसं वाटलं मुरूड?"

"तुमचं चांगलं आहे," काका म्हणाले, "पण त्या मुरूडचा किल्ला जवळ आहे."