सर्व्हर गोठला? मुळीच वाचू नका!

महापे येथील एका डेटा सेंटरमध्ये नुकताच एक नवाकोरा सर्व्हर आला. ३२ कोअरचे दोन प्रोसेसर, त्यावर दोन जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डे, आणि लिनक्स चढवायला घेतले की मध्येच गोठणारा पडदा. ही अडचण सोडवण्यासाठी संबंधित मंडळींनी जे उपाय केले, त्यांचे परिणाम निस्तरण्याचे भाग्य मला लाभले. एवढे संशोधन वाया जाऊ नये, म्हणून ती कार्यपद्धती आपल्या उपयोगासाठी येथे देत आहे.

सर्व्हर पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काळा राहिला, तर एक-दोन मिनिटांत पॉवरचे बटण दाबून धरावे. डीडीआर५ मेमरीची यंत्रे पहिल्या वेळी प्रत्येक मेमरी मॉड्यूलशी जुळवून घेण्यात कित्येक मिनिटे घालवतात आणि मेमरी जितकी जास्त तितका वेळ जास्त लागतो, हे खरे आहे. पण यंत्राला वेळ देणे आपल्या स्वभावात बसत नाही.

आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या फाइलचा चेकसम (फाइल अखंड उतरली की नाही हे कळवणारा आकडा) पडताळून पाहणे हे संशयी माणसाचे लक्षण होय.

बायोस (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) आणि बीएमसी (सर्व्हर दुरून सांभाळणारी छोटी चिप) यांचे फर्मवेअर खोक्यातून जसे आले तसेच शुभ मानावे.

लिनक्सची आवृत्ती निवडताना सेंटओएस ७ लाच प्राधान्य द्यावे, कारण ॲप्लिकेशनवाल्याने तसे सांगितलेले असते. तिचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ३.१० हा २०१३ सालचा. सेंटओएस जिच्या लिनक्सवर बेतलेली त्या रेड हॅट कंपनीने त्यात नंतरचे पुष्कळ काही आणून बसवले हे मान्य, पण ७.९ ही तिची शेवटची आवृत्ती २०२० मध्ये आली आणि ३० जून २०२४ रोजी तिचा आधारही संपला. एएमडीचे ईपिक ९००४ मालिकेतले प्रोसेसर २०२२ च्या नोव्हेंबरात आले. जन्माआधीच निवर्तलेल्या पणजोबांनी पणतूला नावाने हाक मारावी, अशी आपली रास्त अपेक्षा असते.

कर्नलला सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या ओळीतला 'क्वाएट' हा शब्द कदापि काढू नये. तो काढला तर कर्नल आपण काय करत आहोत हे ओळीओळीने सांगू लागतो आणि मग ते वाचावे लागते. बीएमसीमार्फत सिरियल कन्सोल (कर्नलचा मजकूर दुसऱ्या यंत्रावर पाठवणारी वाट) लावला तर ऐरोलीच्या कार्यालयात बसून सगळा मजकूर फाइलमध्ये घेता येतो. त्याऐवजी ठाणे-बेलापूर रस्त्यावरची संध्याकाळची गर्दी सोसून प्रत्यक्ष जावे, गेटवर लॅपटॉपचा नंबर नोंदवावा, गारठत रॅकपाशी उभे राहावे आणि पडद्याचा तिरका फोटो फ्लॅश टाकून काढावा. मला आलेल्या फोटोत फ्लॅशचा पांढरा गोळा होता, फोटो काढणाऱ्याच्या गळ्यातला पास होता, पडद्याची वरची अर्धी बाजू होती; शेवटच्या चार ओळी तेवढ्या नव्हत्या. सोबत संदेश: 'सर, हँग होतंय. प्लीज सजेस्ट.'

आता सर्वांत रामबाण उपाय. कोणीतरी कधीकाळी, एक कोअर असलेल्या लॅपटॉपसाठी दिलेले कर्नलचे पर्याय एकत्र करून एकदम टाकावेत: 'एसीपीआय=ऑफ', 'नोएपिक', 'नोमोडसेट'. इन्स्टॉलेशन पुढे सरकते, पेढे वाटले जातात. या मंडळींचेही सरकले, सेंटओएसऐवजी त्याच वळणाचे अल्मा लिनक्स ९ चढले, आणि मग माझ्याकडे तक्रार आली की लिनक्स फार स्लो आहे. मी 'एनप्रॉक', म्हणजे कर्नलला किती प्रोसेसर दिसतात ते सांगणारी आज्ञा, टाइप केली. प्रत्येक कोअरमागे दोन थ्रेड धरून १२८ हा आकडा यायला हवा होता. उत्तर आले, १. प्रोसेसर किती आहेत, इंटरप्ट कोणाकडे पाठवायचे, कोणती मेमरी कोणत्या प्रोसेसरजवळ आहे, हे सगळे कर्नलला एसीपीआयच्या, म्हणजे फर्मवेअरने दिलेल्या यंत्राच्या माहितीच्या, तक्त्यांतूनच कळते. ते तक्तेच बंद केल्यावर तो बिचारा एका कोअरवर चालत राहिला. इन्स्टॉलरने हे पर्याय इमानेइतबारे ग्रबमध्ये, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, कायमचे लिहून ठेवले होते. लाखो रुपयांचे यंत्र एका कोअरवर! आणि या तिघांपैकी कामाचा पर्याय एकच, नोमोडसेट; तो ग्राफिक्स ड्रायव्हरला पडद्याचा ताबा घेऊ देत नाही. कारण गोठवत होता तो जीपीयूचा 'नुव्हो' ड्रायव्हर. 'मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=नुव्हो', म्हणजे नुव्होला चढूच देऊ नका, एवढे एकच टाकले असते तर पहिल्याच दिवशी काम उरकले असते. मी 'क्वाएट' काढून, जुने पर्याय न देता इन्स्टॉलर पुन्हा चालवला, तर शेवटच्या ओळींत नुव्होचे नाव धडधडीत लिहिलेले होते.

अहो, धडधडीत लिहिलेले! कोणाला फोन न करता, कुठे न शोधता, समोरच्या पडद्यावर दिसले असते. तुम्ही अभियंते आहात ना? मग यंत्र स्वतः सांगते ते ऐकून घ्यायच्या आधी त्याचे तोंड का दाबता? तीन पर्याय एकदम का टाकता? एकेक टाकून पाहायला कोणी अडवले होते? 'चालले ना' म्हणून मोकळे होताना 'कशामुळे चालले' हा प्रश्न एकालाही पडू नये? पुढच्या वेळी रात्री अकराला फोन करण्याआधी सिरियल कन्सोलचा पूर्ण मजकूर फाइल करून पाठवा. फोटो पाठवलात तर उघडणार नाही. आणि आधी नुव्होला ब्लॅकलिस्ट करा, मग 'ग्रबी' या आज्ञेने ग्रबमधून 'एसीपीआय=ऑफ' आणि 'नोएपिक' काढा, सर्व्हर रीबूट करा; 'एनप्रॉक' १२८ दाखवत नाही तोवर 'लिनक्स स्लो आहे' हे वाक्य माझ्यासमोर उच्चारू नका.