सर्व्हर मांडून पाहावा

एकाच छताखाली, या खोलीतल्या फोनमधला व्हिडिओ त्या खोलीतल्या लॅपटॉपवर न्यायचा, तर तो आधी दूर कुठल्याशा डेटा सेंटरचं दर्शन घेऊन परत येतो. हे मला कधी पटलंच नाही. म्हणून घरचाच छोटासा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फायली ठेवणारा संगणक, मांडायला घेतला.

सुरुवात फसवी सोपी असते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेला एका ओळीचा हुकूम सोडला की अख्खं फोल्डर 8000 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या दारावर, हजर! फोनवर फायलींची यादी उमटली तेव्हा मी हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. सगळे आले, यादी बघितली, ‘हं’ म्हणाले आणि गेले. मुलगी तेवढी थांबली.

“बाबा, यात माझी फाइल टाकायची कुठे?”

टाकायची सोय त्यात नसतेच. तो फक्त देतो, घेत नाही. इतका उदार सर्व्हर संसाराच्या कामाचा नाही.

मग फायली देणारा आणि घेणाराही सांबा हा प्रोग्राम आणला. हा 1992 पासून युनिक्स आणि विंडोज या दोन संगणक प्रणालींत दुभाष्याचं काम करतोय, म्हणजे मुरलेला गडी. पण त्याची दप्तरं दोन. सर्व्हरच्या डब्यात चालणाऱ्या, युनिक्सच्याच घराण्यातल्या लिनक्सचा पासवर्ड वेगळा, सांबाचा वेगळा. परवानग्यांचंही तेच. सांबा म्हणतो, “लिहा की खुशाल!” खालची फाइल सिस्टिम म्हणते, “कोण तुम्ही?” एका खिडकीवर अर्ज मंजूर आणि पुढच्या खिडकीवर तोच नामंजूर, आणि दोन्ही खिडक्या माझ्याच टेबलावर! अशा वेळी मध्यरात्री भल्याभल्यांना 777 चा मोह होतो. हा आकडा दिला की वाचा, लिहा, चालवा, सगळ्यांना मोकळं रान. मी नाही दिला. बोट मात्र सातवर जाऊन आलं.

सकाळी सगळं सुरळीत आणि सर्व्हर बेपत्ता. राउटरने रात्रीतून त्याला नवा पत्ता देऊन टाकला होता. बायको म्हणाली, “अहो, ते 192.168 चं पाढ्यासारखं काय ते परत सांगा.” राउटरमध्ये शिरून पत्ता कायमचा राखून ठेवला तेव्हा कुठे घरात शांतता नांदली.

तेवढ्यात परगावच्या मेहुण्यांना लग्नाचे फोटो हवे झाले. सांबाचं 445 नंबरचं दार सरळ इंटरनेटवर उघडणं म्हणजे आ बैल मुझे मार. 2017 मध्ये फायली ओलीस धरून खंडणी मागणारा वॉनाक्राय याच वाटेने जगभर घुसला होता. शिवाय आमच्या घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नाही, असंही कळलं. जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून साधारण 429 कोटी, ते जगाला पुरेनात. म्हणून इंटरनेट सेवा देणारे अनेक घरं एकाच पत्त्याच्या आड बसवतात. व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटमधून घरापर्यंतच्या खासगी बोगद्याची, वाट आहे. मेहुण्यांना ती फोनवर समजावून सांगितली. ते शांतपणे म्हणाले, “दाजी, मी दिवाळीला येतोच आहे.”

आता घरातले सगळे आपापलं सगळं त्यात टाकतात. ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर 2’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’. माझी छाती फुगली होती, तेवढ्यात बायकोने त्या डब्याकडे बोट दाखवलं.

“आणि हाच बंद पडला तर?”

दुसऱ्या डब्याच्या किमती बघतोय.