दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: ७५ रुपयांचं नाणं, त्याची चांदी आणि विक्रीचा आकडा

नमस्कार सर,

तुमच्या तक्रारी तीन आहेत. आमच्याकडून घेतलेलं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेलं) नाणं नागपूरच्या इतवारीतल्या सराफाने तपासलं, तेव्हा चांदी निम्मीच निघाली. आम्ही चिठ्ठीवर लिहून दिलेला विक्रीचा आकडा, म्हणजे अशी किती नाणी विकली गेली तो, तुमच्या ओळखीच्या संग्राहकाकडच्या आकड्याशी जुळत नाही. आणि घरी नेल्यावर कडेला तांबूस-काळपट डाग पडला. उत्तर इथेच देतो, कारण बर्डीच्या दुकानात नवे संग्राहकही हेच विचारतात.

चांदी निम्मीच निघायला हवी. मे २०२३च्या राजपत्रात या नाण्याचा धातू स्पष्ट दिलेला आहे: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. व्यास ४४ मिलिमीटर, कडेवर २०० दाते, वजन ३५ ग्रॅम. म्हणजे निव्वळ चांदी १७.५ ग्रॅम. सराफाच्या मशीनने बरोबर तेच दाखवलं, नाणं अस्सल असल्याची ती पावतीच समजा. १०० टक्क्यांची अपेक्षा बहुधा नंतरच्या नाण्यांमुळे झाली असावी. रिझर्व्ह बँकेला ९० वर्षं झाली तेव्हा, २०२४ मध्ये आलेलं ९० रुपयांचं नाणं शुद्ध चांदीचं, ४० ग्रॅमचं आहे. दोन्हींचा व्यास ४४ मिलिमीटरच, त्यामुळे डब्यात शेजारी ठेवली की फरक चटकन कळत नाही.

घरी खात्री करायची तर सराफाकडे जायचीही गरज नाही. चुंबक लावा, चिकटता कामा नये. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्याने टांगून तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. ३५ ग्रॅमच्या या मिश्रधातूला काटा ३.७ च्या आसपास दाखवतो, शुद्ध चांदीच्या ४० ग्रॅमच्या नाण्याला ३.८ च्या आसपास. हे फक्त यूएनसीवर करा, प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेलं, आरशासारखं चकचकीत नाणं) कॅप्सूलमधून काढूच नका. आणि सराफाला कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. कडेचे दाते एकदा झिजले की संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत चांदीपुरतीच उरते, आणि ती चांदीही वितळवून काढता येत नाही, कारण २०११च्या नाणे कायद्यात तो गुन्हा आहे.

‘७५ रुपयांच्या नाण्याला हजारो रुपये’ हे तुमचं वाक्य वाचलं. ही नाणी चलनात येत नाहीत, सिव्हिल लाइन्समधल्या रिझर्व्ह बँकेच्या काउंटरवरही मिळत नाहीत. टांकसाळ ती स्वतःच्या किमतीला, बुकिंग घेऊन विकते. आमचा भाव त्याच्या वर असतो, आणि नसेल तर दुकान चालणार कसं?

आता आकड्याचं. या छंदात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एका नाण्याचे निदान चार आकडे असतात: पाडलेली नाणी, बुक झालेली, पैसे भरलेली आणि प्रत्यक्ष रवाना झालेली. शिवाय प्रूफ वेगळं आणि यूएनसी वेगळं. मागणी दिसली तर टांकसाळ पुन्हा बुकिंग उघडू शकते, नाण्यावरचं साल मात्र तेच राहतं. म्हणून तारखेशिवाय सांगितलेला आकडा आम्ही आकडा मानत नाही. तुमच्या चिठ्ठीवर आकड्याखालीच ‘फक्त यूएनसी, रवाना झालेली’ असं लिहून माहिती अधिकाराच्या उत्तराची तारीख टाकलेली आहे, आणि चिठ्ठीचा फोटो तुम्हीच रिव्ह्यूला जोडला आहे. ओळखीच्या संग्राहकाचा आकडा प्रूफ धरून एकूण बुकिंगचा असेल तर तो मोठा असणारच. दोन्ही खरे असू शकतात. ‘दुर्मीळ’ हा शब्द चिठ्ठीवर नाही. विक्री चालू असताना त्या शब्दाला अर्थ नसतो.

रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालातून हा आकडा काढायचा प्रयत्न बरेच जण करतात. तिथे काही मिळत नाही. त्यात मार्चअखेर चलनात असलेल्या १, २, ५, १०, २० रुपयांच्या नाण्यांपैकी प्रत्येकाची सगळ्या सालांची मिळून एकच बेरीज दिलेली असते. त्यावरून एखाद्या सालाचा किंवा एखाद्या स्मारक नाण्याचा आकडा वेगळा करता येत नाही. २०२२ मध्ये आलेली अमृत महोत्सवी चिन्हाची नाणीसुद्धा त्या बेरजेतच आहेत.

खात्रीचा रस्ता माहिती अधिकाराचा. मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा या चारही टांकसाळी एसपीएमसीआयएल या सरकारी कंपनीच्या आहेत. ज्या टांकसाळीने नाणं विकलं तिच्याच जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज करा. शुल्क १० रुपये, केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर भरता येतं. अर्ज ५०० शब्दांच्या आत ठेवा आणि फक्त नोंदी मागा: अमुक नाण्याचे प्रूफ किती, यूएनसी किती, प्रत्येकात किती पाडले, किती बुक झाले, किती पाठवले, अमुक तारखेपर्यंत. ‘इतके कमी का पाडले?’ असं विचारलं की ‘ही माहिती नव्हे’ असं उत्तर येऊ शकतं. तारीख घालायला विसरलात तर आकडा मिळतो, पण तो कधीचा हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची. व्यापारी गोपनीयतेचं कारण देऊन नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला शुल्क नाही.

डागाचं कारण मिश्रधातूतच आहे. ४० टक्के तांबं असलेलं नाणं ओलावा आणि गंधक मिळालं की रंग बदलतं. नागपुरात लोक पावसाळ्याला भितात, पण एप्रिल-मे जास्त वाईट, कारण वाळ्याच्या कूलरची ओली हवा थेट शोकेसवर येते. तुमच्या फोटोत नाणं कॅप्सूलबाहेर, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात दिसतं. ते पाकीट पीव्हीसीचं असेल तर काही महिन्यांनी हिरवट चिकट थर येतो आणि पुढे धातू खातो. चिकटपणा असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये पाच मिनिटं बुडवून ठेवा, घासू नका, हवेवर वाळू द्या. खिडकी उघडी ठेवा, आग जवळ नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. तांबूस-काळपट रंग अॅसिटोनने जाणार नाही, आणि तो घालवूही नका. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट यांनी नाणं चकचकीत होतं, पण पृष्ठभागावर बारीक ओरखडे राहतात, ते भिंगाखाली लगेच दिसतात.

तुमचं नाणं ४४ मिलिमीटरच्या कडक अॅक्रिलिक कॅप्सूलमध्ये घाला, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात पुडी बदलत राहा. हाताळताना बोटं फक्त कडेला लागू द्या.

पैसे परत देण्याबद्दल: बिलावर लिहिल्याप्रमाणे नाणं सीलबंद असेल तरच ते परत घेतो, त्यामुळे हे घेता येणार नाही. तुमच्या चिठ्ठीला जोडलेल्या माहिती अधिकाराच्या उत्तराची प्रत मात्र दुकानात आहे. ओळखीच्या संग्राहकांनाही त्यांच्या आकड्याचा कागद घेऊन सोबत आणा, दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहू. नाणं आणलंत तर कॅप्सूल आम्ही घालून देऊ, तिचे पैसे घेणार नाही.